गॅरेजमध्ये शहाणी, घाटात वेडी: जुन्या गाडीचा लपाछपीचा दोष कसा पकडावा

आमच्याकडे १९९७ची मारुती ८०० आहे. कार्बोरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना यांत्रिक भाग असलेली), तीन सिलिंडरची, ७९६ सीसी. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आलेली. मध्यंतरी तिला एक खोड लागली. पुण्याहून साताऱ्याला निघालं की शिरवळपर्यंत तासभर गुपचूप चालायची आणि खंबाटकीच्या चढाला लागली की दोन-तीन वळणांत दम सोडायची. आधी झटके, मग पिकअप गुल, मग बंद. बोनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं, सेल्फ मारायचा, की जसं काही झालंच नव्हतं. परतीला घाट चढायचा नसतो, बोगद्यातून यायचं असतं, त्यामुळे येताना एकदाही तक्रार नाही. आणि सोमवारी गॅरेजात नेली की तिथे शिलाई मशीनसारखी चालणार.

"ताई, कॉइल गरम होतेय," एकाने सांगितलं. कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग, बदलली. "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय," दुसरा म्हणाला. तोही खोलून धुतला. मग प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना पाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप. दोष या यादीत कुठेच नव्हता. कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दारात उभी असायची ती धडधाकट गाडी, तिच्यात त्यांना दोष दिसणार तरी कसा?

तेव्हा पहिल्यांदा असल्या भानगडीत पडलेल्यांना माझं एकच सांगणं आहे. घाटात गाडी बंद पडल्यावर जी पंधरा-वीस मिनिटं आपण चिडचिड करत घालवतो, तेवढाच काय तो तपासणीचा मुहूर्त. त्या वेळात एका प्रश्नाचं उत्तर मिळवायचं: पेट्रोल गेलंय की करंट (ठिणगीची वीज)? ते कळेपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

पुढचं सगळं मुख्यतः कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, प्रीमिअर पद्मिनी वगैरे. इंजेक्शनवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

पायरी १: गाडीत एक वही ठेवा

"कधी कधी बंद पडते" असं आपण म्हणतो, कारण आपल्याला नियम सापडलेला नसतो. गाडीला मूड नसतो. तिच्याकडे कारण असतं आणि ते दरवेळी तेच असतं. म्हणून प्रत्येक वेळी बंद पडली की तिथल्या तिथे लिहा. घरी येऊन लिहू म्हटलं की अर्धं विसरतं आणि उरलेलं आपल्या आवडत्या संशयाकडे झुकतं.

काय लिहायचं? सुरू करून किती वेळ झाला, किती किलोमीटर झाले. चढ होता, सपाट होतं की सिग्नलला उभी होती. कोणता गियर, पाय किती दाबलेला. ऊन की पाऊस. टाकीत पेट्रोल किती. पुन्हा सुरू व्हायला किती मिनिटं लागली आणि त्या मिनिटांत तुम्ही काय काय केलं. आणि शेवटचं, जे कुणी लिहीत नाही: हा त्रास सुरू होण्याआधीच्या महिन्या-दोन महिन्यांत गाडीला कुणी हात लावला होता? जुन्या गाडीत नवा दोष बऱ्याचदा शेवटच्या हाताच्या जवळपास निघतो. सर्व्हिसिंगनंतर सुरू झालेल्या तक्रारीला निसटलेली नळी किंवा ढिली वायर हे पहिलं उत्तर.

माझ्या वहीत पाच नोंदी झाल्या. चार वेळा बंद पडली होती आणि चारही वेळा पुण्यातून टाकी फुल करून निघाले होते. पाचव्यांदा घाईत पाव टाकीवर निघाले, त्या दिवशी घाट सरळ चढून गेली. ही ओळ मी स्वतः लिहिली आणि दोन महिने तिच्याकडे नुसती बघत राहिले.

पायरी २: मरताना आवाज कसा येतो

एकदम, बटण बंद केल्यासारखी गेली, तर संशय करंटवर. दम लागल्यासारखी, झटके देत, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थोडी सावरत, दाबला की पुन्हा गुदमरत गेली, तर संशय पेट्रोलवर. एका ठरावीक तालात "फट... फट..." अशी मिस मारत राहिली पण बंद पडली नाही, तर एखादा सिलिंडर रुसलाय: प्लग, त्याची वायर किंवा कॅपमधलं त्याचं टोक. मागून काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला, तर कमी नाही, जास्त पेट्रोल जातंय. मग फ्लोटची सुई (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारी) नीट बसत नसेल किंवा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) अर्धवट अडकला असेल.

हा नियम ढोबळ आहे. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबाखाली ठिणगी पडणं अवघड होतं. त्यामुळे अशक्त कॉइलही सपाटीवर ठीक आणि चढावर झटके असं सोंग घेऊ शकते. म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका.

आणि गाडी "उचलत नाही" म्हणजे इंजिनच खराब, असंही नाही. थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न लावता नुसता नेऊन बघा. एक चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ब्रेक अडकतोय. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. कार्बोरेटर धुऊन यांतलं काहीच बरं होत नाही.

पायरी ३: डिकीत काय हवं

एक जादा प्लग (जुना पण चालू), टेस्ट लॅम्प (वीज येतेय का दाखवणारा वायरीचा छोटा दिवा), पकड, स्क्रू ड्रायव्हर, जाड रबरी हातमोजे, टॉर्च, पाण्याची बाटली, सुती फडकं, चाकाखाली घालायला लाकडाचा ठोकळा, लाल त्रिकोण आणि छोटा अग्निशामक. शेवटच्या दोन गोष्टींवर कंजुषी नको. पेट्रोल आणि ठिणगी या दोन्हींशी आपण रस्त्याच्या कडेला खेळणार आहोत.

झटके सुरू झाले की वळणाची वाट बघत बसू नका, गाडीत जीव आहे तोवर रुंद कडा गाठा. हँडब्रेक, ठोकळा, चारही इंडिकेटर, मागे पन्नासेक पावलांवर त्रिकोण. मुलंबाळं, आजी-आजोबा गाडीतून उतरून कठड्यापलीकडे. जागा अरुंद असेल तर तपासणी राहू द्या, पुढच्या वेळी बघू.

पायरी ४: पाच मिनिटांत तीन परीक्षा

क्रम महत्त्वाचा आहे, तो बदलू नका.

पहिली, टाकीचं झाकण. सेल्फ मारण्याआधी, बोनेट उघडण्याआधी, पेट्रोलचं झाकण हळूच फिरवा आणि कान द्या. हवा आत ओढली गेल्याचा लांब "स्सss" ऐकू आला का? आला तर लगेच, न थांबता सेल्फ मारा. एरवी वीस मिनिटं मागणारी गाडी मिनिटभरात सुरू होऊन नीट ओढायला लागली, तर तपासणी इथेच संपली, दोष झाकणाचा; का ते पायरी ५ मध्ये. फुकटची परीक्षा आहे आणि नंतर करता येत नाही, म्हणून ती पहिली.

दुसरी, कार्बोरेटरचा घसा. इंजिन बंद. एअर फिल्टरचं झाकण काढा आणि टॉर्चने आत बघा. दुसऱ्या हाताने अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढा. घशात पेट्रोलची बारीक पण ठसठशीत धार उडाली पाहिजे. दोन-तीनदा ओढूनही धार नसेल तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी) बहुतेक कोरडा आहे, म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचलेलंच नाही. काही कार्बोरेटरांना फ्लोट चेंबरवर छोटी काचेची खिडकी असते, तिथून पातळीही दिसते. घशावर तोंड नेऊन बघू नका, आणि कुणी सेल्फ मारत असताना तर मुळीच नाही. इंजिन उलटं खोकलं की ज्वाळ वर येते.

तिसरी, ठिणगी. आधी एअर फिल्टर परत लावा, उडालेलं पेट्रोल सुकू द्या, वास गेला की पुढे. एका प्लगची वायर काढा, तिच्यात जादा प्लग बसवा आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकेल असा ठेवा, कार्बोरेटरपासून लांब. मोजे घालूनही वायर हातात धरू नका. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी म्हणजे करंट आहे. पिवळी, मरतुकडी किंवा एक पडते एक चुकते अशी असेल तर करंट अशक्त. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत प्लगची वायर नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, ठिणगीला वाट मिळाली नाही की आतला इग्नायटर (कॉइलची वीज तोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकतो. प्लग टेकलेला आहे याची खात्री करूनच.

आता वहीत लिहा. धार नाही, ठिणगी आहे: पायरी ५. धार आहे, ठिणगी नाही: पायरी ६. दोन्ही आहेत: पायरी ७. दोन्ही नसतील तर आधी परीक्षा नीट झाली का ते बघा. दोन दोष एकाच घाटात एकदम सहसा भेटत नाहीत.

पायरी ५: पेट्रोल पोचत नसेल तर

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रस्ता मनात आणा: टाकी, आतली जाळी, नळी, फिल्टर, पंप, पुन्हा नळी, फ्लोटची सुई. कार्बोरेटरच्या मारुतीत पंप इंजिनावर बसवलेला, यांत्रिक असतो. जुने मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात, त्याचा वातानुकूलनाशी काही संबंध नाही. हा पंप पेट्रोल मागून ओढून घेतो, आणि नळीभर ओढायची त्याची ताकद बेताचीच असते.

झाकणाचा मुद्दा इथे येतो. टाकीतून पेट्रोल गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. काही गाड्यांत त्यासाठी झाकणातच छोटी झडप असते, काहींत टाकीच्या वरून वेगळी नळी. ती वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते, पंप ओढतो पण पेट्रोल येत नाही. गाडी उभी राहिली की कुठून तरी हवा झिरपते आणि वीस मिनिटांत सगळं पुन्हा ठीक. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, गाडी गरम झाली होती, थंड झाली आणि चालली. म्हणून हा दोष हमखास कॉइलच्या नावावर खपतो.

आता ती फुल टाकीची ओळ. टाकी काठोकाठ भरलेली असताना वर हवेला जागा दोन-तीन लिटरचीच असते. त्यातून तासाभरात तीनेक लिटर पेट्रोल ओढलं की वरची हवा चांगलीच विरळ होते. पाव टाकीवर तेवढंच पेट्रोल गेलं तर वर आधीच वीसेक लिटर हवा असते, तिला फारसा फरक पडत नाही. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं म्हणून कसंबसं भागायचं आणि चढावर इंजिनाने जास्त मागितलं की पितळ उघडं. त्या वर्षी मे महिन्यात पंपावर मूळ झाकण विसरून आले होते आणि बाजारातून मिळेल ते नवं लावलं होतं. छान घट्ट बसायचं. त्याला झडपच नव्हती. किल्लीचं होतं, त्याचं तेव्हा कौतुकही वाटलं होतं.

झाकण उघडून फरक पडला नाही तर पुढची परीक्षा ओल्या फडक्याची. उन्हाळ्यात, इंजिन तापलेलं असताना पंपाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसतीच वाफ ओढत बसतो. पद्मिनी आणि अँबेसिडर चालवणारे जुने लोक पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे ते याचसाठी. फडकं ठेवून दोन मिनिटांत धार परत आली तर नळी गरम भागाला कुठे टेकतेय ते शोधा. इंजिनावर पाणी ओतू मात्र नका, गरम लोखंडाला तडा जातो.

झाकणानेही नाही, फडक्यानेही नाही, नुसतं थांबल्याने बरी होते? मग टाकीतला गाळ. ओढीने जाळीला चिकटतो आणि गाडी थांबली की खाली बसतो. फिल्टर पारदर्शक असेल तर तळाशी तांबूस रवा दिसतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे जास्त.

रबरी नळ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण आता हा प्रश्न सगळ्या जुन्या गाड्यांना भेटणार आहे. २०२३च्या फेब्रुवारीपासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, आतून सोलवटतं. बाहेरून नळी ठणठणीत आणि आतला पापुद्रा ओढीबरोबर दारासारखा मिटतो. इथेनॉल पाणीही शोषतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. नळ्या दाबून बघा: बोटाला चिकट लागली किंवा शेवाळ्यासारखी मऊ वाटली तर इथेनॉलला चालणाऱ्या नव्या नळ्या घाला, क्लिपांसकट. एका किलो पेट्रोलला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९च. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) मात्र जुन्या हिशोबाचे, त्यामुळे मिश्रण थोडं फिकं पडतं आणि गाडी जराशी मंद वाटते. पण हा मंदपणा रोजचा असतो. घाटातच बंद पडणाऱ्या गाडीचं खापर इथेनॉलवर फोडून गप्प बसणं ही नवी पळवाट आहे.

पायरी ६: करंट जात असेल तर

इथे माझी आवडती युक्ती. टेस्ट लॅम्पची एक वायर कॉइलच्या प्लसला (जिथे किल्लीनंतरचे १२ व्होल्ट येतात तिथे) लावायची, मध्ये छोटा फ्यूज, दुसरी बॉडीला, आणि दिवा लांब वायरीने आत आणून डॅशबोर्डवर ठेवायचा. मग नेहमीसारखी गाडी चालवायची. इंजिन गचकलं त्या क्षणी दिवाही विझला, तर कॉइलपर्यंत वीजच येत नाहीये: किल्लीच्या स्विचचे झिजलेले पॉइंट, ढिला फ्यूज, बॅटरीचं हिरवं पडलेलं टोक. दिवा जळत राहिला आणि इंजिन मेलं, तर दोष कॉइल आणि तिच्या पुढे. एका फेरीत निम्मी यादी बाद होते. किल्लीवर संशय असेल तर चालत्या गाडीत चाचपू नका. गाडी उभी, इंजिन चालू, मग किल्लीचा जुडगा हलवून बघा.

दिवा जळत असेल तर पुढे कॉइल, पॉइंटच्या (जुन्या यांत्रिक इग्निशनच्या) गाडीत पॉइंटला जोडलेला कंडेन्सर, इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप (ठिणगीची वेळ ओळखणारा सेन्सर) आणि इग्नायटर. हे सगळे तापले की सुटतात आणि थंड झाले की जुळतात. त्यामुळे थंड कॉइल मल्टिमीटरवर पास झाली याला काही अर्थ नाही. तापलेली असताना, गाडी बिघडलेली असताना मोजा. कंडेन्सर स्वस्त आहे आणि नवाही खराब निघतो, म्हणून जुना चालू असलेला फेकू नका.

पावसाळ्यातच मिस मारत असेल तर रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीने प्लगच्या वायरी आणि कॅपवर पाण्याची अगदी हलकी फवार मारा. हात, बाही, ओढणी सगळं पंख्यापासून लांब. जिथून करंट गळतोय तिथे निळ्या रेघा नाचताना दिसतात.

पायरी ७: दोन्ही असूनही गाडी ओढत नसेल तर

हवा कुठून तरी चोरून आत जातेय का बघा: कार्बोरेटरच्या खालचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, तडकलेल्या छोट्या नळ्या. स्लो (उभ्या गाडीतलं इंजिनाचं मंद चालणं) बिघडलेला असतो आणि चोक थोडा ओढला की गाडी सुधारते, ही खूण. सायलेन्सर आतून कोसळून वाट अडते, तेव्हा फुसफुसणारा आवाज आणि वेग वाढेल तसा दम कमी. जुन्या पीयूसीच्या पावत्या फेकल्या नसतील तर काढा. एचसीचा (हायड्रोकार्बनचा) आकडा दरवेळी चढत गेला असेल तर न जळलेलं पेट्रोल बाहेर येतंय, म्हणजे मिसिंग जुनंच आहे. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चढत असेल तर मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त. आकडे स्लोवरचे असतात, चढावरचं ते सांगत नाहीत, पण फुकटचा इतिहास आहे.

पायरी ८: उलटी तपासणी

बरेच जण हे टाळतात. एक गोष्ट बदला, फक्त एक. चार पार्ट एकदम बदलले आणि गाडी सुधारली तर कशाने ते कधीच कळत नाही. आणि दोष सापडलाय असं वाटलं की तो मुद्दाम परत आणून बघा.

मी झडपेचं झाकण आणलं. दोन फेऱ्या घाट निर्वेध पार झाला. तिसऱ्यांदा टाकी फुल केली, जुनं किल्लीचं झाकण लावलं आणि शिरवळलाच एका हॉटेलच्या पटांगणात गाडी उभी केली. खात्री करायला भरघाटात बंद पडायची हौस नव्हती. झाकण फिरवलं तर शिट्टीसारखी हवा आत गेली आणि मागून टाकीचा पत्रा "टण्ण" करून सरळ झाला. शेजारच्या टेबलावरचे दोन जण वळून बघायला लागले. झडपेचं झाकण लावून तितकंच अंतर केलं तेव्हा काहीच आवाज नव्हता.

मेकॅनिककडे जाताना

सगळं आपणच करायचं असं नाही. पंप खोलणं, फ्लोटची पातळी, टायमिंग हे हात बसलेल्या माणसाचं काम. पण त्यांच्याकडे गेल्यावर "दादा, कॉइल बघा" असं म्हणू नका. तुम्ही पार्टचं नाव घेतलंत की ते पार्ट बदलतात. सांगा: "पन्नास किलोमीटरनंतर, चढावर, तिसऱ्या गियरला झटके देऊन बंद पडते. त्या वेळी ठिणगी निळी होती, धार नव्हती." मग म्हणा, "शक्य असेल तर माझ्याबरोबर एक फेरी मारा." चांगला मिस्त्री एवढ्यावरच खुर्ची पुढे ओढतो.

इंजेक्शनच्या गाडीत (मारुती ८००मध्ये ते २०००च्या सुमारास आलं) वही आणि तोच प्रश्न कायम, फक्त संशयित वेगळे: टाकीतला विजेचा पंप, त्याचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच), आणि गरम झाल्यावर दगा देणारा क्रँकचा किंवा कॅमचा (इंजिनाच्या फिरत्या दांड्यांचा) सेन्सर. बंद पडल्यावर किल्ली ऑन करून मागच्या सीटकडे कान द्या. पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐकू आली नाही तर आधी रिले बघा. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर बॅटरीची वायर काढू नका, साठवलेला कोड पुसला जातो. स्कॅनर लावेपर्यंत तो तसाच राहू द्या.